रूपावरून कुळ सांगतां येतें काय ?

चेहऱ्यावरून घराणें ओळखावें, अशी आपल्या समाजांत एक जुनी समजूत आहे. लग्नकार्यांत वडीलधारी मंडळी एखाद्या मुलाकडे निरखून पाहतात व 'हा अमक्यांच्यांतला दिसतो' असें सहज बोलून जातात. आणि पुष्कळदां तें खरेंही निघतें. परंतु पुष्कळदां खरी ठरणारी गोष्ट नेहमींच खरी असते असें नाहीं. एवढा फरक ज्याच्या ध्यानांत आला, त्याला शास्त्राचा पहिला धडा कळला असें मी समजतों. हा धडा शिकविण्यास सृष्टींतील जे प्राणी विशेष उपयोगी पडतात, त्यांत मगरीची गणना अगदीं वर करावी लागेल. म्हणून आज मगरीच्या कुळाविषयीं, आणि त्या निमित्तानें आपल्या शिकण्याच्या रीतीविषयीं, चार विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम नांवाचाच घोटाळा पाहा. आपल्याकडे कोणी 'मगर' म्हणतो, कोणी 'सुसर' म्हणतो. सांगलीकडे कृष्णेच्या पात्रांत आणि चिपळूणला वाशिष्ठींत जी दिसते ती एकच जात आहे. पण नांवें दोन. 'मगर' हा शब्द संस्कृत 'मकर' यापासून आला, आणि मकर हें तर वरुणाचें व गंगेचें वाहन असलेला कल्पित जलचर. 'सुसर' या शब्दाचें मूळ 'शिशुमार'. त्याच शिशुमारापासून हिंदींतील 'सूंस' निघाला. आणि सूंस म्हणजे गंगेंतील डॉल्फिन, पिलांना दूध पाजणारा प्राणी. एकाच शब्दाच्या दोन लेकी, एक सस्तन प्राण्याच्या घरीं पडली आणि दुसरी सरपटणाऱ्याच्या ! इंग्रजांनींही यांत कांहीं कमी भर घातली नाहीं. ते आपल्या नद्यांतील मगरीला सर्रास 'ॲलिगेटर' म्हणत. वस्तुतः ॲलिगेटर हिंदुस्थानांत नाहींच. त्याच्या आज हयात असलेल्या दोनच जाती. एक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि दुसरी चीनमध्यें यांगत्सेच्या खोऱ्यांत. त्याचे मध्य व दक्षिण अमेरिकेंतील चुलतभाऊ ते 'केमन'. त्यांच्या सहा जाती सामान्यतः मानतात. एवंच, नांवावरून कुळ सांगूं जाणाऱ्याची फजिती ठरलेली.

बरें, नांव हें माणसानें दिलेलें. प्राण्याचें रूप तरी खरें बोलतें काय ? याचें उत्तर शोधण्यासाठीं आपण विदर्भाच्या पूर्व टोंकाकडे वळूं. गडचिरोली जिल्ह्याच्या कडेनें प्राणहिता नदी वाहते व पुढें गोदावरीस मिळते. तिच्या पलीकडे, आजच्या तेलंगणांत, मालेरी नांवाचें एक खेडें आहे. त्या भागांतील तांबूस मातकट खडकांत सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वींच्या प्राण्यांचीं हाडें दगड होऊन राहिलीं आहेत. या खडकांकडे विद्वानांचें लक्ष वेधण्यांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचा वांटा मोठा आहे. हिस्लॉप हे मुलांना शिकवीत आणि सवड मिळेल तेव्हां हातोडी घेऊन डोंगर-ओढे धुंडाळीत. १८६३ सालीं, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, नदी ओलांडतांना बुडून त्यांचा अंत झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजामुळें त्यांचें नांव आपल्या परिचयाचें आहे. मालेरीच्या हाडांतील एका प्राण्यास रिचर्ड लायडेकर या शास्त्रज्ञानें १८८५ सालीं त्यांचेंच नांव जोडलें : पॅरासुकस हिस्लोपी. पॅरासुकस म्हणजे 'मगरीच्या शेजारचा'.

हा प्राणी आज जिवंत होऊन नदीकांठीं येऊन पडला, तर शंभरांतले नव्व्याण्णव लोक त्याला बेधडक सुसर म्हणतील. तेंच लांब तोंड, तेच अणकुचीदार दांत, पाठीवर तींच हाडांचीं ढालपटें, तेच आंखूड पाय आणि तेंच लांबलचक शेपूट. परंतु त्याची नाकपुडी पाहा. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या अगदीं टोंकाला असतात. पॅरासुकसच्या मात्र पार मागें, डोळ्यांच्या जवळ. मगरीच्या टाळूंत हाडाचा पडदा असतो. त्यामुळें तोंड पाण्यानें भरलें तरी तिचा श्वास चालूं राहतो. पॅरासुकसला असा पुरा पडदा नव्हता. पाण्यांत दबून बसावें, फक्त नाक-डोळे वर ठेवावे, आणि भक्ष्य टप्प्यांत आलें कीं झडप घालावी, हा धंदा दोघांचाही एकच. पण त्यासाठीं लागणारी देहाची मांडणी दोघांनीं निरनिराळ्या वाटेनें साधलेली. एकाच खाडीवर दोन निराळ्या सुतारांनीं बांधलेल्या होड्या सारख्या दिसतात, कारण पाणी एकच असतें. म्हणून ते सुतार भाऊ ठरत नाहींत. पॅरासुकस ज्या फायटोसॉर नांवाच्या घराण्यांतला, तें घराणें पुढें समूळ नष्ट झालें. आजची मगर त्याची वंशज नव्हे.

या कथेला एक पुरवणी आहे, आणि ती मुद्दाम सांगण्याजोगी आहे. लायडेकर यांच्यापुढें आलेलीं हाडें तुटकीं होतीं. त्यांनीं कवटीच्या तळाचा जो तुकडा पॅरासुकसचा म्हणून धरला, तो ऱ्हिंकोसॉर या चोंचीसारख्या तोंडाच्या, झाडपाला खाणाऱ्या दुसऱ्याच प्राण्याचा निघाला. ही गोष्ट कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत काम केलेले शंकर चटर्जी यांनीं उघड केली. पुढें मालेरीच्या खडकांतूनच जवळजवळ संपूर्ण सांगाडे मिळाले व चटर्जी यांनीं १९७८ सालीं त्यांचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. त्या सांगाड्यांच्या पोटाच्या जागीं एका लहान सरपटणाऱ्या प्राण्याचीं हाडेंही सांपडलीं, म्हणजे शेवटच्या जेवणाचा पुरावासुद्धां हातीं आला. अखेर २००३ सालीं प्राण्यांच्या नामकरणाचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानें जुना अपुरा नमुना बाजूस ठेवून या नव्या सांगाड्यांपैकीं एक प्रमाण म्हणून मान्य केला. चूक दुरुस्त झाली, आणि हिस्लॉप यांचें नांवही राहिलें.

मग रूप हें नेहमींच खोटें बोलतें काय ? तसेंही नाहीं. उत्तर हिंदुस्थानच्या नद्यांत राहणारी घडियाल घ्या. काठीसारखें बारीक लांब तोंड असलेली ही मगर मासे खाऊन राहते. मलाया, सुमात्रा व बोर्निओ येथें तिच्यासारख्याच लांब तोंडाची दुसरी एक जात आहे. हीं दोन एकाच घरचीं असावींत असें साध्या माणसाला वाटेल. पण हाडांचे जाणकार पुष्कळ वर्षें म्हणत आले कीं, हें साम्य वरवरचें; घडियाल ही अगदीं जुनी निराळी शाखा, आणि मलायाची ती नेहमींच्या मगरींची आप्त. १९८३ सालीं या प्राण्यांच्या रक्तांतील प्रथिनांची तुलना प्रसिद्ध झाली आणि तिनें नेमकें उलट सांगितलें : हीं दोन्ही परस्परांचीं सर्वांत जवळचीं. पुढें डीएनएच्या तपासणीनेंही तेंच सांगितलें. कित्येक वर्षें हाडें एक बोलत होतीं आणि रक्त दुसरें. अलीकडे जुन्या जीवाश्मांची व हाडांची फेरतपासणी होऊन हाडांची साक्षही रक्ताच्या साक्षीकडे झुकूं लागली आहे. म्हणजे येथें साध्या माणसाच्या डोळ्यांनीं खरें सांगितलें होतें. तात्पर्य काय, तर रूप ही एक साक्ष आहे, तो निकाल नाहीं. साक्षीदार कधीं खरा असतो, कधीं फसलेला असतो. न्यायाधीशानें दुसरे साक्षीदार बोलावल्याशिवाय निर्णय देऊं नये.

आणि कधीं कधीं निर्णय लांबणीवरही टाकावा लागतो. त्याचें उदाहरण म्हणजे केमन. १९३३ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनीं दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोंकाकडील पॅटागोनियांत सांपडलेल्या एका जुन्या केमनाचें वर्णन केलें व त्याला 'इओकेमन' म्हणजे पहाटेचा केमन असें सुंदर नांव दिलें. २०१८ सालीं पाउला बोना व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच प्रदेशांतून त्याहूनही जुना, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वींचा, 'प्रोटोकेमन' जगापुढें आणला. परंतु केमनांचें मूळ घर दक्षिण अमेरिका होय काय ? उत्तर अमेरिकेंत, डायनोसॉर जिवंत असतांनाच्या खडकांत, कांहीं आंखूड व रुंद तोंडाचे प्राणी मिळाले आहेत. त्यांतील ब्रॅकिचाम्प्सा याचें वर्णन तर १९११ सालींच झालें होतें. कांहीं विद्वान त्यांना आद्य केमन मानतात. कांहीं म्हणतात, ते ॲलिगेटरच्या बाजूचे, किंवा दोघांची फाटाफूट होण्यापूर्वींचे. या प्रश्नावर बरेंच अवलंबून आहे. ते केमन असतील, तर हें घराणें उत्तरेकडून दक्षिणेकडे केव्हां व कसें गेलें ? दोन्ही अमेरिका जोडणारी पनामाची भूपट्टी तयार होऊन अवघीं तीसएक लाख वर्षें झालीं. त्यापूर्वीं मध्यें समुद्र होता. केमन व ॲलिगेटर यांच्या जिभेवर मगरीसारख्या मीठ बाहेर टाकणाऱ्या कार्यक्षम ग्रंथी नसतात, म्हणून खारें पाणी त्यांना मानवत नाहीं. मधल्या काळांतील हाडें फार थोडीं आहेत. अशा स्थितींत शास्त्रज्ञ जेव्हां 'अद्याप ठरलें नाहीं' असें म्हणतात, तेव्हां तें त्यांच्या दुबळेपणाचें लक्षण नसून प्रामाणिकपणाचें आहे.

मगर कोट्यवधि वर्षांत तसूभरही बदलली नाहीं, हें वाक्य आपण वारंवार ऐकतों. त्याचीही परीक्षा येथेंच करून घेऊं. खऱ्या मगरकुळांतील आद्य प्राणी लहानसर, सडपातळ, लांब पायांचे आणि जमिनीवर धांवणारे होते. पुढें त्या कुळांतील कांहीं समुद्रांत गेले व त्यांच्या पायांचीं वल्हीं झालीं. मादागास्करचा सिमोसुकस, ज्याचें वर्णन २००० सालीं झालें, तो तर बोथट तोंडाचा व बहुधा झाडपाला खाणारा होता; त्याच्यासारखे दांत तामिळनाडूंत अरियलूरजवळ कल्लमेडू येथें मिळाल्याचें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें, आणि हिंदुस्थान व मादागास्कर एकेकाळीं जोडलेले होते या मतास आणखी एक आधार मिळाला. केमनांच्या घरांतही तीच विविधता. सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीं पेरू देशांतील एका दलदलींत मगरकुळाच्या सात जाती एकत्र नांदत होत्या. त्यांत शिंपले फोडून खाणारा नाटुसुकस होता, बदकासारख्या चपट्या तोंडाचा मौरासुकस होता, आणि सुमारे दहा मीटर लांबीचा बलाढ्य पुरुसॉरस होता. आज उरलेल्या मगरी म्हणजे एका मोठ्या वाड्यांतील शेवटच्या दोन-तीन खोल्या. त्या खोल्या पाहून 'वाडा पहिल्यापासून एवढाच होता' असें म्हणणें शहाणपणाचें नाहीं.

आतां कोणी म्हणेल, पॅटागोनिया कोठें आणि आपलें टिटवाळें कोठें ! पण अंतर मैलांनींच मोजावें असें नाहीं. तें वर्षांनींही मोजतां येतें. अंगारकीस महागणपतीच्या दर्शनाला येणारे हजारों यात्रेकरू स्टेशनापासून देवळापर्यंत ज्या भूमीवरून चालत जातात, आणि काळू नदीच्या पात्रांत जो काळा कातळ उघडा पडलेला दिसतो, तो सगळा थिजलेल्या लाव्हारसाचा आहे. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींच्या आगेमागे वाहिला. त्याच सुमारास डायनोसॉर संपले आणि मगरींचें कुळ मात्र त्या संकटांतून पार पडलें. या लाव्हाच्या अखेरच्या काळांत मुंबईला वरळीच्या टेकडीखालीं तळ्यांचा गाळ सांचला आणि त्यांत बेडूक व कांसवें गाडलीं गेलीं. वरळीचा तो लहानसा बेडूक आणि पॅटागोनियाचा प्रोटोकेमन हे ढोबळ मानानें समकालीन म्हणतां येतील. त्या बेडकाचेंही कुळ बदललें बरें का ! १८४७ सालीं रिचर्ड ओवेन यांनीं त्याला साध्या बेडकांच्या 'राना' या वर्गांत घातलें. १९३० सालीं नोबल यांनीं हाडें पुन्हां तपासून तो वेगळा ठरविला व त्यास 'इंडोबॅट्राकस' हें स्वतंत्र नांव दिलें. दगड तोच, हाडें तींच. पाहणारा डोळा अधिक शिकलेला.

येथें कांहीं पालकांच्या मनांतला आक्षेप मला ऐकूं येतो. ते म्हणतील, 'शास्त्रज्ञांचेंच जर आज एक आणि उद्यां एक, तर आमच्या मुलांनीं पाठ तरी काय करावें ? परीक्षेंत काय लिहावें ?' आक्षेप रास्त आहे. त्याची टर उडवून चालणार नाहीं. मुलाच्या गुणांवर घरच्या किती आशा टांगलेल्या असतात, हें कोणास ठाऊक नाहीं ? परंतु माझें उत्तर असें कीं, वर्गीकरण ही पाढ्यांसारखी पाठ करण्याची वस्तुच नव्हे. तो एक निवाडा आहे, आणि प्रत्येक निवाड्यामागें पुरावा असतो. 'केमन ॲलिगेटरच्या कुळांतला' एवढें लिहिणाऱ्या मुलास अर्धें ज्ञान आहे, 'कशावरून?' या प्रश्नाला जो उत्तर देऊं शकतो त्याला पुरें आहे. पहिल्याचें ज्ञान पुस्तक बदललें कीं मोडतें. दुसऱ्याचें पुस्तक बदललें तरी टिकतें, कारण नवा पुरावा तोलण्याचा तराजू त्याच्यापाशीं असतो. आणि हा तराजू केवळ मगरींकरितां नाहीं. रूपावरून, आडनांवावरून, भाषेवरून माणसाचें मोल ठरविण्याची जी खोड आपणां सर्वांना आहे, तिच्यावरही हाच उतारा आहे. नाकपुडी कोठें आहे हें पाहिल्याशिवाय ज्यानें सुसर म्हणावयाचें नाहीं असें ठरविलें, तो माणसांविषयींही घाईनें बोलणार नाहीं.

तेव्हां माझें मागणें मोठें नाहीं. शाळेच्या एका कपाटांत नदींतले दगड, सांपडलेलीं गुरांचीं व माशांचीं हाडें, शिंपले असे जमवावे. प्रत्येकाखालीं कोठें व केव्हां मिळालें याची चिठ्ठी लावावी, कारण ठिकाण न सांगणारा नमुना हा पत्त्यावांचूनच्या पत्रासारखा असतो. सृष्टिविज्ञानाच्या तासाला वर्षांतून एकदां तरी मुलांना चित्रें देऊन 'यांतील आप्त कोण, आणि कशावरून ?' असें विचारावें. उत्तर चुकलें तरी कारण चांगलें असल्यास गुण द्यावे. घरच्या माणसांनींही मुलानें खिशांतून दगड आणले म्हणून रागें भरूं नये. वरळीच्या टेकडीवर आज वस्ती दाटली आहे. कल्याण-टिटवाळ्याकडेही घरें वाढत आहेत, आणि तीं वाढणारच. पण पाया खणतांना, विहीर खोदतांना, रस्त्यासाठीं डोंगर कापतांना जें बाहेर येतें, तें पाहणारे दोन जाणते डोळे तेथें असले तर पुष्कळ वांचेल. केमनांच्या वंशावळींतील पोकळ जागा ज्या हाडांच्या अभावीं रिकाम्या राहिल्या आहेत, तसल्या जागा आपल्याही भूमीच्या इतिहासांत आहेत.

तसेंच जिवंत आप्तांचेंही आहे. घडियाल आज अत्यंत संकटांत सांपडलेल्या प्राण्यांत मोडते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें आणि १९७५ सालीं सुरू झालेल्या मगर-संवर्धनाच्या योजनेनें आपल्या देशांतील मगरींना कांहींसा आधार मिळाला. पण कायदा सरकार करूं शकतें, आस्था मात्र ज्यानें त्यानें आपल्या मनांत उत्पन्न करावी लागते. गोव्यांत कांहीं गांवीं पौष अमावास्येस चिखलाची मगर करून तिची पूजा करण्याची चाल आहे. खाडीच्या बांधावर राबणाऱ्या त्या शेतकऱ्यांना मगरीची वंशावळ ठाऊक नसेल, परंतु शेजाऱ्याचा मान ठेवावा हें त्यांना ठाऊक आहे. ज्ञान आणि मान हीं दोन्ही एकत्र आलीं, तर मगरीच्या वाड्यांतील उरलेल्या खोल्या तरी शाबूत राहतील.

विद्यार्थिमित्रहो, पुढील वर्षीं तुमच्या पुस्तकांत एखादें नांव बदललेलें दिसलें, तर 'शास्त्र चुकलें' असें म्हणून हंसूं नका. कोणीतरी कोठेंतरी जुनें हाड पुन्हां हातीं घेतलें, नीट पाहिलें, आणि आपल्या पूर्वसूरींचा अनादर न करतां त्यांची चूक सुधारली, असा त्याचा अर्थ आहे. तसें हाड किंवा तसा दगड तुमच्यांपैकीं एखाद्याच्याही हातीं केव्हां तरी येईल. त्या वेळीं त्याला पाठ केलेलें उत्तर उपयोगी पडणार नाहीं. विचारलेला प्रश्न उपयोगी पडेल.